डेस्कटॉप प्रोसेसर की सर्व्हर-क्लास वर्कस्टेशन? धंद्याचा कॉम्प्युटर घेण्याआधी हा हिशेब करा



गेल्या काही बॅचेसमध्ये एक प्रश्न हमखास येतोय. "सर, चौदा कोअरचा झिऑन सहा कोअरच्या आय५ पेक्षा स्वस्त मिळतोय. घेऊन टाकू का?" विचारणारा कुणी हिंगणघाटला फ्लेक्सचं दुकान टाकणारा असतो, कुणी आर्वीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, तर कुणी देवळीत ऑनलाइन सेवा केंद्र सुरू करणारी ताई असते. बहुतेकांचे पैसे मुद्रा कर्जाचे, सीएमईजीपीच्या प्रस्तावाचे किंवा घरच्यांनी कापूस विकून दिलेले असतात. त्यामुळे या प्रश्नाकडे फक्त कॉम्प्युटरचा प्रश्न म्हणून पाहू नका. भांडवलातला मोठा तुकडा चुकीच्या यंत्रात अडकला, तर कागद, शाई, भाडं आणि पहिल्या तीन महिन्यांच्या हप्त्याला पैसा उरत नाही.

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. शेवटी दुकानात विचारायच्या प्रश्नांची यादी आहे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आधी थोडक्यात उत्तर

लहान धंद्यांपैकी बहुतेकांना चांगला, नवीन, बिलासकट घेतलेला डेस्कटॉप प्रोसेसर पुरतो. सर्व्हर-क्लास प्रोसेसर लागणारे धंदेही आहेत, पण थोडे. तुम्ही त्यात बसता का, हे जाहिरातीतला कोअरचा आकडा सांगणार नाही. तुमचं काम नेमकं कशापाशी अडतं, ते पाहिल्यावरच कळेल.

नावांचा गोंधळ सोडवू

डेस्कटॉप गटात इंटेलचे कोअर आय३, आय५, आय७, आय९ आणि आता आलेले कोअर अल्ट्रा येतात. एएमडीचे रायझन ३, ५, ७, ९ येतात.

सर्व्हर आणि वर्कस्टेशन गटात इंटेलचा झिऑन येतो. एएमडीचा एपिक सर्व्हरसाठी आणि थ्रेडरिपर वर्कस्टेशनसाठी असतो.

झिऑन हे एका प्रोसेसरचं नाव नाही, ते घराण्याचं आडनाव आहे. हे नाव १९९८ पासून वापरात आहे. "झिऑन आहे" असं दुकानदार म्हणाला, तर तो नवा कोरा असू शकतो आणि दहा वर्षांपूर्वीचाही. पूर्ण मॉडेल नंबर मिळेपर्यंत किमतीबद्दल बोलूच नका.

कोअर जास्त म्हणजे वेग जास्त, असं नाही

कापूस वेचणीचं उदाहरण घ्या. एका शेतात चौदा बाया वेचायला लावल्या, तर सहा जणींपेक्षा शेत लवकर उरकतं, कारण प्रत्येकीला स्वतंत्र तास देता येतो. एकीचं काम दुसरीवर अडत नाही.

पण तोच कापूस ट्रॅक्टरने जिनिंगला न्यायचा असेल तर? ट्रॅक्टरवर चौदा ड्रायव्हर बसवले, तरी तो चौदापट पळत नाही. तिथे एकच ड्रायव्हर आणि दमदार इंजिन लागतं.

सॉफ्टवेअरची कामंही अशी दोन प्रकारची असतात. वाटून करता येणाऱ्या कामात कोअरची संख्या कामाला येते. वाटता न येणाऱ्या कामात एका कोअरचा वेग कामाला येतो. हा वेग गिगाहर्ट्झच्या आकड्यावर आणि प्रोसेसरच्या पिढीवर ठरतो, कारण नवी पिढी त्याच एका ठोक्यात जास्त काम उरकते.

पुण्याचा 'प्रत्यूष' आणि तुमचा झिऑन

सर्व्हर प्रोसेसर कशासाठी बनतो, याचं उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. जानेवारी २०१८ मध्ये तिथे 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला. त्यात इंटेलचे झिऑन ई५-२६९५ व्ही४ हे प्रोसेसर होते. एका प्रोसेसरमध्ये १८ कोअर आणि वेग फक्त २.१ गिगाहर्ट्झ. असे सगळे मिळून १,१९,२३२ कोअर. जून २०१८ च्या जागतिक टॉप-५०० यादीत त्याचा क्रमांक ३९ वा होता.

वेग फक्त २.१, तरी चाललं कसं? कारण हवामानाचा अंदाज हे वेचणीसारखं काम आहे. नकाशाच्या लहान लहान चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीचं गणित वेगवेगळ्या कोअरला द्यायचं. पेरणीआधी आपण ज्या पावसाच्या बातमीकडे डोळे लावून बसतो, तिच्यामागे अशी वाटून केलेली आकडेमोड असते. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये या संस्थेत 'अर्का' हा त्याहून मोठा महासंगणक सुरू झाला.

आता गंमत पाहा. बाजारात सध्या स्वस्तात फिरणारे जुने झिऑन याच पिढीचे किंवा तिच्या आधीच्या पिढीचे आहेत. जगभरातल्या डेटा सेंटरवाल्यांनी यंत्रं बदलली आणि काढलेले प्रोसेसर जुन्या बाजारात आले. माल खोटा नाही, कामाचाच आहे. पण तो तयार झाला होता हजारो कोअरांना एकत्र जुंपायच्या कामासाठी. तुमच्या दुकानात कोरल ड्रॉमध्ये एक फाइल उघडणं हे त्याचं काम नव्हे.

समोरासमोर: जुना झिऑन आणि साधा आय५

बाजारात सारखी दिसणारी जोडी घेऊ.

झिऑन ई५-२६८० व्ही४: २०१६ चा. १४ कोअर, २८ थ्रेड. मूळ वेग २.४, कमाल ३.३ गिगाहर्ट्झ. उष्णता-वीज रेटिंग १२० वॅट. आतलं ग्राफिक्स नाही.

कोअर आय५-१२४००: २०२२ चा. ६ कोअर, १२ थ्रेड. मूळ वेग २.५, कमाल ४.४ गिगाहर्ट्झ. मूळ रेटिंग ६५ वॅट, जोर लावल्यावर ११७ पर्यंत. आतलं ग्राफिक्स आहे. पण नावामागे 'एफ' असेल तर ते नाही, हे लक्षात ठेवा.

एका कोअरच्या कामात हा आय५ त्या झिऑनपेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने चालतो. आणि सगळे कोअर जुंपले तरी बहुतेक चाचण्यांत दोघे जवळपास बरोबरीला येतात. म्हणजे चौदाचा आकडा पाहून वाटतं तेवढा फायदा पदरात पडत नाही.

झिऑनची खरी ताकद दुसरीकडे आहे. त्याला मेमरीचे चार मार्ग आहेत, साध्या डेस्कटॉपला दोन. त्याला शेकडो जीबी रॅम लावता येते. जास्त कार्डं बसवायला ४० पीसीआय लेन मिळतात. हे तुम्हाला लागणार असेल तर तो विचारात घ्या. लागणार नसेल तर नाकापेक्षा मोती जड.

आणखी एक मोठा मुद्दा विंडोजचा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत प्रोसेसर यादीत हे जुने ई५ झिऑन नाहीत. जुगाड करून ११ टाकून देणारे भेटतात. पण तुमच्या दुकानात ग्राहकांचे आधार, पॅन, बँकेचे कागद हाताळले जाणार असतील, तर जुगाडावर धंदा उभा करू नका.

तुमचं काम कुठे अडतं? पाच मिनिटांत तपासा

तुम्ही जो धंदा करणार आहात, तो आधीच करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे जा. गावातला माणूस स्पर्धक समजून दाखवणार नाही, म्हणून दुसऱ्या तालुक्यातला शोधा. त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं नेहमीचं जड काम चालू करायला सांगा आणि टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडा. प्रत्येक थ्रेडची वेगळी चौकट दिसेल. आता पाहा:

१. एक-दोन चौकटी भरलेल्या आणि बाकी रिकाम्या असतील, तर काम एका कोअरवर अडलंय. जास्त गिगाहर्ट्झचा, नव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर घ्या. इथे फसगत होते, कारण १२ थ्रेडच्या यंत्रात एकच थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा आठ-नऊ टक्केच दिसतो. माणसाला वाटतं प्रोसेसर मोकळा आहे.

२. सगळ्या चौकटी बराच वेळ भरलेल्या असतील, तर जास्त कोअरचा फायदा होईल.

३. प्रोसेसर शांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर बदलून काही होणार नाही. एसएसडी टाका.

४. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवा.

बऱ्याच दुकानांत रोग तिसरा किंवा चौथा असतो आणि औषध भलत्याच गोष्टीवर केलं जातं.

धंद्याप्रमाणे काय घ्यावं

सेवा केंद्र, झेरॉक्स, टायपिंग, टॅली, बिलिंग: आय३ किंवा रायझन ३ पुरतो, जमल्यास आय५. एसएसडी हवीच. रॅम १६ जीबी असली की ब्राउझरचे पंधरा टॅब उघडूनही त्रास होत नाही. वाचलेल्या पैशात चांगला प्रिंटर आणि यूपीएस घ्या. ग्राहक प्रिंटमुळे परत येतो, प्रोसेसरमुळे नाही.

फ्लेक्स, डीटीपी, पत्रिका: कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपमधली बरीचशी रोजची कामं एका कोअरच्या वेगावर चालतात. आय५ किंवा रायझन ५, रॅम ३२ जीबी. मोठ्या बॅनरच्या फाइलला रॅम लागते.

ऑटोकॅड, नकाशे: टू-डी ड्रॉइंगचं काम मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. सर्व्हर प्रोसेसर इथे उलट मंद वाटेल.

लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग: इथे आपली मुलं सगळ्यात जास्त फसतात. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडण्याचं खास हार्डवेअर असतं, त्याला क्विक सिंक म्हणतात. हल्लीचे अनेक कॅमेरे एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतात. ते क्विक सिंक सहज वाचतो. जुन्या ई५ झिऑनमध्ये ही सोय नाही, म्हणून चौदा कोअर असूनही टाइमलाइन अडखळते. नवा, आतलं ग्राफिक्स असलेला आय५ किंवा आय७, ३२ जीबी रॅम आणि जमेल तसं ग्राफिक्स कार्ड ही जोडी बरी.

थ्रीडी रेंडरिंग, इंटिरिअरचे व्ह्यू, ड्रोन सर्व्हेच्या फोटोंतून नकाशा: हे वाटून होणारं काम आहे, इथे कोअर लागतात. पण तेही आता डेस्कटॉप गटात मिळतात. एएमडीने २०१९ मध्येच १६ कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स आणला होता. आणि सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डवर रेंडर करत असेल, तर पैसा कार्डावर घाला.

मग वर्कस्टेशन प्रोसेसर खरंच कधी घ्यायचा?

चार कारणं सांगतो. यातलं निदान एक तरी तुमच्याकडे असावं.

पहिलं, साध्या डेस्कटॉप बोर्डवर मावत नाही एवढी रॅम लागते, म्हणजे साधारण २०० जीबीच्या पुढे.

दुसरं, तीन-चार ग्राफिक्स कार्डं एकाच यंत्रात पूर्ण वेगाने चालवायची आहेत. डेस्कटॉप प्रोसेसरकडे वीस-चोवीस लेन असतात. थ्रेडरिपर प्रो ७००० मालिकेत १२८ लेन आणि मेमरीचे आठ मार्ग मिळतात, कोअर तर ९६ पर्यंत जातात.

तिसरं, सगळे कोअर रोज तासन् तास भरलेले असतात आणि १६ कोअरही कमी पडतात.

चौथं, यंत्र दिवसरात्र चालणार आहे आणि त्यातल्या एका आकड्याची चूकही परवडणारी नाही. उदाहरणार्थ पॅथॉलॉजी लॅबचा किंवा पतसंस्थेचा डेटाबेस. इथे ईसीसी मेमरी लागते. साधी मेमरी ६४ बिट साठवते, तर ईसीसी मेमरी त्यासोबत आठ जादा बिट ठेवते. एक बिट बिघडला तर ती स्वतः दुरुस्त करते, दोन बिघडले तर निदान ओरडून सांगते.

पण ईसीसीसाठीही नेहमी झिऑन लागतोच असं नाही. काही रायझन बोर्डांवर आणि इंटेलच्या डब्ल्यू६८० चिपसेटवर योग्य डेस्कटॉप प्रोसेसरसोबत ती चालते, फक्त बोर्डाची यादी तपासा. आणि ईसीसी म्हणजे बॅकअप नव्हे. हार्ड डिस्क जळाली, फाइल चुकून डिलीट झाली, तर ईसीसी काही करू शकत नाही. साध्या दुकानाने आधी बॅकअपवर खर्च करावा.

आपलं ऊन आणि आपली लाइट

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात १२० वॅटचा प्रोसेसर आणि वर वेगळं ग्राफिक्स कार्ड थंड ठेवणं सोपं नाही. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मग ज्या कोअरसाठी पैसे दिले, ते अर्ध्या दमाने चालतात.

विजेचं गणित करू. समजा जड यंत्र सरासरी १०० वॅट जास्त खातं. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस. झाले ३०० युनिट. १० रुपये युनिट धरले तर वर्षाला ३,००० रुपये. तुमच्या बिलावरचा व्यापारी दर टाकून पाहा.

यूपीएसही पाहा. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस साधारण ३६० वॅट झेपतो. जड यंत्र पूर्ण जोरात असताना लाइट गेली, तर फाइल सेव्ह करायलाही वेळ मिळणार नाही. मोठा यूपीएस घ्यावा लागला, तर तो खर्च त्याच यंत्राच्या किमतीत धरा.

पैशाचा हिशेब, वहीत मांडा

बीबीएत शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वसुलीचा काळ. समजा दोन यंत्रांत ४०,००० रुपयांचा फरक आहे. महाग यंत्रामुळे रोज अर्धा तास वाचतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेबारा तास. तुमच्या एका तासाची कमाई २०० रुपये असेल तर महिन्याला २,५०० वाचले. फरक वसूल व्हायला १६ महिने.

आता खरा प्रश्न. तो अर्धा तास कोणता? ग्राहक समोर बसलेला असताना वाचत असेल, तर ती कमाई आहे. पण एक्स्पोर्ट रात्री लावून तुम्ही झोपायला जात असाल, तर यंत्राने दोन तास घेतले काय आणि पाच घेतले काय, वाचत काहीच नाही.

बिलाचंही पाहा. नियमित जीएसटीत असाल तर ६०,००० च्या यंत्रावरचे १८ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के दराने घसारा धरता येतो, तपशील आपल्या सीएंना विचारा. बिनबिलाच्या जुन्या मालावर यातलं काही नाही. कर्जाच्या फाइलला जोडायचं कोटेशनही त्यावर मिळत नाही. स्वस्त दिसणारा माल हिशेबात इथेच महाग होतो.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर काय? कोणत्या वर्षाचा?
२. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे का?
३. आतलं ग्राफिक्स आहे का? नसेल तर कार्डसह किंमत किती?
४. मदरबोर्ड कोणत्या कंपनीचा? जळाला तर वर्ध्यात किंवा नागपुरात सीताबर्डीला तसाच मिळेल का?
५. वॉरंटी कोण देणार, दुकान की कंपनी? किती वर्षं?
६. रॅम कोणती? सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डवर चालत नाही, म्हणून ती पुढच्या यंत्रात वापरता येणार नाही.
७. जीएसटी बिल मिळेल का?

चौथा प्रश्न हलक्यात घेऊ नका. जुन्या झिऑनसाठी मिळणाऱ्या बिननावाच्या नव्या बोर्डांत अनेकदा जुन्या बोर्डांवरून काढलेला चिपसेट असतो. आणि कंपनीच्या रिफर्बिश्ड वर्कस्टेशनमध्ये पॉवर सप्लाय, बोर्ड हे त्या कंपनीच्याच मापाचे असतात, दुसरे बसत नाहीत. ऐन लग्नसराईत यंत्र बंद पडलं, तर नवरीच्या वडिलांना चिपसेटची गोष्ट सांगता येत नाही.

नेहमी येणाऱ्या दोन शंका

"डेस्कटॉप प्रोसेसर रोज बारा तास चालेल का?" चालतो. धूळ साफ ठेवा, हवा खेळती ठेवा, चांगला पॉवर सप्लाय लावा. मात्र इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही वरच्या मॉडेलमध्ये अस्थिरतेचा दोष निघाला होता. कंपनीने तो २०२४ मध्ये मान्य केला, दुरुस्तीचं अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घेत असाल तर बोर्डाचं बायोस अपडेट करूनच ताब्यात घ्या.

"मग जुना झिऑन कुणीच घेऊ नये का?" तसंही नाही. कमी पैशात भरपूर रॅम हवी असेल, लिनक्सवर व्हर्च्युअल मशिन शिकायच्या असतील, आणि यंत्र दोन दिवस बंद राहिलं तरी चूल बंद पडणार नसेल, तर शिकण्यासाठी तो उत्तम आहे. रोजची कमाई ज्या एकाच यंत्रावर आहे, ते यंत्र म्हणून घेऊ नका.

आता एक काम करा. तुमच्या धंद्यातली रोजची तीन कामं कागदावर लिहा, प्रत्येकापुढे टास्क मॅनेजरमध्ये काय भरलेलं दिसलं ते लिहा, आणि मगच कोटेशन मागा. तो कागद आणि तुमचं बजेट कमेंटमध्ये टाकलंत तर पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काहींचा हिशेब आपण मिळून मांडू. बजेटमधून यंत्राचे पैसे काढल्यावर तीन महिन्यांचं भाडं आणि हप्ता उरतोय का, तेही त्याच कागदावर लिहायला विसरू नका.